काढलेले शब्द

सोमवार, ३ फेब्रुवारी

कुणीतरी माझ्या कामात हात घातलाय.

गर्भाशय भ्रंशावरचा डॉक्टर मॅडमचा लेख. आमच्या संस्थेच्या वेबसाइटवर सगळ्यांना फुकट वाचायला ठेवलाय. काय टाकून शोधलं की तो सापडेल, ते शब्द जोडायचं काम माझं. कोश बघून जोडले होते — ऱ्हस्व-दीर्घासकट. आज खाली आणखी दिसले: ‘अंग बाहेर येणं’, ‘पिशवी खाली सरकली’, ‘खाली ओढ लागते’. ही काय संशोधनाची भाषा झाली? काढून टाकले.

दहावीनंतर मी शाळा बघितली नाही. अक्कलकोट रोडला कारखान्यात चादरीची डिझाईनं कॉम्प्युटरवर चढवता चढवता सगळं स्वतः शिकलो. एक धागा चुकला की अख्खा मोर बिघडतो. हे एमए झालेल्यांना कोण सांगणार.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

माझी आठवड्याची सुट्टी. सिद्धेश्वरी बाजाराला गेली ती दुपार कलल्यावर आली. हातात मेथीची एक जुडी. “भाजी बरी नव्हती,” म्हणे. मोबाईलही हल्ली पालथा ठेवते. बायको म्हणून काही बोललो नाही. पण नोंद असू दे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

शब्द परत आले! वर कन्नडही — ‘चीला जारैति’. आमच्या मैंदर्गीकडं बायका पिशवी घसरली की असं म्हणतात. हे काम प्रियदर्शनीचंच, नव्या मुलीचं. पण ती माळशिरसची, तिला कन्नडचं अक्षर येत नाही. मग आणलं कुठून? माझ्या जागेवर कन्नड येणारं कुणी बसवायचं चाललंय की काय?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

तोंडावर विचारलं. मान न वळवता म्हणते, “काका, तुमचे शब्द लई शुद्ध हायत. पण तसं शोधणारी एक बाई दाखवा की मला.”

म्हटलं, लेख डॉक्टरांचा आहे, नळावरच्या गप्पा नाहीत.

“डॉक्टरांना कुटूनबी मिळतोय की. फुकट ठेवलाय कुणासाठी?” मग आवाज उतरला. “एक बाई मॅडमकडं दाखवायला येतात. दुखणं सांगताना त्या बोलतात, तेच मी घालते. त्यांनी मोबाईलवर लई शोधलं. आपला लेख न्हाय सापडला, पिशवी काढणाऱ्यांच्या जाहिराती सापडल्या. ऑपरेशनची तारीख घेऊन बसल्यात. आधी पिशवीला आधाराची रिंग बसवून भागतंय का बघता येतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.”

बाईचं नाव? “ते सांगायचं न्हाय असं ठरलंय.”

कधी येते? “तेबी न्हाय.” मला तर कधी दिसली नाही. म्हणजे मी नसताना — मंगळवारी.

शब्द पुन्हा काढले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सिद्धेश्वरीला पुढच्या आठवड्यात बहिणीकडं मैंदर्गीला जायचंय, पंधरा दिवस. जत्रा नाही, लग्न नाही. “निंगव्वाला बरं नाही.” तिच्या पाठीमागं निंगव्वाला फोन लावला. “मला काय झालंय, भावजी? म्हशी धुवायलीय.”

तर मग खोटं कशाला?

आणि आता एकेक आठवतंय. घागर उचलत नाही, तांब्या-तांब्यानं पाणी नेते. जेवायला खाली बसत नाही, ओट्याशी उभ्यानं उरकते. विचारलं की विषय बदलते. या घरात माझ्यापासून काहीतरी लपवलं जातंय.

रविवार, ९ फेब्रुवारी

साइट उघडून बघितली. शब्द काढलेलेच आहेत. प्रियदर्शनीनं परत घातले नाहीत, म्हणजे काहीतरी शिजतंय. मंगळवारी न सांगता कामावर जाणार.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

शब्द परत घातले. सगळे. कन्नडसुद्धा.

मॅडमच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. बाहेर बायकी चपला. डावीचा अंगठा निळ्या धाग्यानं शिवलेला, दुहेरी टाका. तो टाका माझा.

आत मॅडम म्हणत होत्या, “ती तारीख रद्द करा. शुक्रवारी रिंग बसवून बघू.”

मग प्रियदर्शनी. “पण काकू, ह्या लेखाचं काम करणारे घरातच तर हायत. काकांना का न्हाय विचारलं?”

“त्यांना कसं सांगू गं?” सिद्धेश्वरी म्हणाली. “आधी म्हणतील, नीट शब्दात सांग.”