चार ओळी कमी पडलेले दुपटे

पत्र्याच्या डब्यात लोकरीचा गुंडा फिरतो, त्याचा एक आवाज असतो. धागा ओढला की गुंडा आतल्या आत एक कोलांटी घेतो आणि डब्याच्या कडेला हळूच टेकतो. टप्प. मग जरा शांतता, आणि पुन्हा टप्प. एकेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या मागच्या खोलीतून हा आवाज रोज संध्याकाळी येत असे. मी पुढच्या खोलीत काहीतरी वाचत असल्यासारखा बसून तो ऐकत असे. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला ठाऊक आहे. वकिलांनी पहिली ओळ सांगून ठेवली होती, ती खाली घातली आहे.

मी, शेवटी सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त शाळा-शिपाई, राहणार याच घरी, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हात कापतो, पण तो कोणी धरलेला नाही. मला कोणी धाक घातलेला नाही आणि लालूच दाखवावी असे माझ्याकडे कोणाला काही दिसलेले नाही. येत्या सोमवारी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मला दाखल व्हायचे आहे. "होईल सगळं नीट," असे डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे न बघता पेनाच्या टोपणाशी चाळा केला. म्हणून आज शनिवारी हे लिहून संपवतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम एक. राहते घर, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, माझ्या पुतण्याला द्याव्यात. मला मूलबाळ नाही आणि कायद्याने त्या त्यालाच गेल्या असत्या. मुलगा वाईट नाही. येण्याआधी फोन करतो, आला की नळ-दिवे बघतो. पण त्याला रिकामी जागा फार आवडते. माझी पत्नी गेल्यानंतर तो दोन दिवस राहायला आला होता. मी बाजारातून परत आलो तर तिचे शिवणयंत्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलेले. "काका, बघा, किती मोकळं वाटतंय आता," तो म्हणाला. त्याने प्रेमानेच केले. मात्र घर त्याच्या ताब्यात जाण्याआधी कलम तीनमधली वस्तू घराबाहेर सुखरूप गेली पाहिजे, ही अट आहे. हे सगळे कागद मी त्या एका अटीसाठी काळे करतो आहे.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते मी ज्या शाळेत छत्तीस वर्षे घंटा वाजवली त्या शाळेला द्यावे. त्यातून कवितांची पुस्तके घ्यावीत आणि व्हरांड्याच्या बाजूच्या कपाटात ठेवावीत.

याचे कारण सांगतो. मी स्वतः चौथीपर्यंतच शिकलो. बाकीचे शिक्षण व्हरांड्यातल्या स्टुलावर झाले. वर्गात बाई कविता चालीवर म्हणत, मुले मागून म्हणत, आणि खिडकीबाहेर मी ओठ हलवत असे. पक्ष्यांच्या, नदीच्या, रानातल्या वाटेच्या कविता मला पाठ झाल्या. पण एकही पुरती झाली नाही. कविता नेहमी तासाच्या शेवटी शेवटच्या कडव्यावर यायची आणि नेमकी तेव्हाच मला घंटेकडे जावे लागायचे. घंटा झाली की मुले पाटीदप्तर घेऊन सुटत. शेवटचे कडवे कुठे जायचे कोण जाणे. पुस्तकात बघून घेता आले असते, असे पत्नी म्हणायची. पण ऐकलेल्या कवितेचे तोंड पुस्तकात बघणे मला कधी जमले नाही.

विजेची घंटा आली तेव्हा मुख्याध्यापकांनी जुन्या घंटेचा लाकडी हातोडा मला निरोपाची भेट म्हणून दिला. घंटा मात्र शाळेने ठेवून घेतली. हा हातोडाही शाळेला परत द्यावा. दोघांची ताटातूट कशाला.

कलम तीन. क्रोशाचे दुपटे, एक नग. रंग सायीचा. जाळीदार, साधी वीण: तीन खांब, एक साखळी, पुन्हा तीन खांब. अपुरे. हे पत्र्याच्या डब्यात घडी करून ठेवले आहे. ते डब्यासकट समोरच्या बिऱ्हाडातल्या नर्सबाईंच्या बाळाला द्यावे.

बाळ अजून जन्मलेले नाही. ते जन्मून रडल्याचे कोणीतरी स्वतःच्या कानांनी ऐकल्यावरच दुपटे द्यावे, आधी देऊ नये. या वाक्यावर मी ठाम आहे.

एकदा आधी तयार करून ठेवले होते. डब्यातला तो आवाज त्याचाच. पत्नी पाचव्या महिन्यापासून विणत होती आणि नवव्यात काठ पूर्ण झाला. ती दुपटे उशीवर पसरून त्यावर हात फिरवायची आणि मला विचारायची, "टोचणार नाही ना हो?" मी गालाला लावून बघायचो आणि नाही म्हणायचो. रोज विचारायची, रोज मी गाल पुढे करायचो. मग दिवस भरले. बाळ आले, पण रडले नाही. दवाखान्यात गेलो होतो तसेच दोघे परत आलो.

त्या दुपट्याचे काय झाले ते कलम पाचमध्ये येईल. इथे एवढेच नोंदवतो की सहा वर्षांपूर्वी पत्नी गेली आणि तिच्या कपाटात मागच्या बाजूला हा डबा सापडला. आत सायीच्या रंगाचा गुंडा आणि तिची सुई. लोकर कुरळी होती. एकदा विणून उसवलेली लोकर सरळ होत नाही, प्रत्येक टाक्याचे वळण तिच्यात राहते. मी धागा बोटावर घेतला आणि मला कळले की ती जिथे जिथे वळली होती ते सगळे या डब्यात आहे.

तीन वर्षे मी डबा नुसता उघडत आणि झाकत होतो. मग एक दिवस चौकातल्या लोकरीच्या दुकानात जाऊन शिकायचे आहे असे सांगितले. उभ्या बायका हसल्या. दुकानवाल्या बाई हसल्या नाहीत, त्यांनी फक्त स्टूल पुढे सरकवले. त्यांच्याविषयी कलम चार आहे.

टाके मोजताना माझा हिशेब चुकायचा. मग मला तिसरीच्या वर्गातली नावेची कविता आठवली. तिची चाल या विणीला अगदी चपखल बसते. तीन हेलकावे, एक विसावा, पुन्हा तीन. त्यानंतर चूक झाली नाही. या कवितेचेही शेवटचे कडवे मला येत नाही, त्यामुळे मी फिरून पहिल्यावर यायचो. अशी तिची चार कडवी मी अडीच वर्षे म्हणत आलो. घरात ऐकायला कोणी नव्हते, म्हणून मोठ्याने म्हणत असे.

नर्सबाई कामावर जाताना किल्ली माझ्याकडे ठेवतात. त्यांचे यजमान दूरच्या गावी नोकरीला असतात. एकदा किल्ली घ्यायला आल्या तेव्हा दुपटे माझ्या मांडीवर होते. "कुणासाठी विणताय, आजोबा?" त्यांनी विचारले. त्यांना सातवा महिना होता. मी "असंच, हाताला चाळा" असे म्हणालो. त्यांनी वाकून काठाला बोट लावले. "किती मऊ आहे," म्हणाल्या आणि किल्ली घेऊन गेल्या. दार लागल्यावर मी पुढची ओळ विणायला घेतली. तुमच्याच बाळासाठी, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते.

दुपटे अपुरे आहे कारण लोकर संपली. चौकोन पुरा व्हायला चार ओळी कमी आहेत. त्या छटेची लोकर आता निघत नाही. दुसऱ्या रंगाच्या चार ओळी घालून बघितल्या, ठिगळासारख्या दिसल्या, उसवल्या. नर्सबाईंनी समजून घ्यावे. माझ्या सगळ्या कविता अशाच आहेत.

कलम चार. पत्नीची क्रोशाची सुई लोकरवाल्या बाईंना द्यावी. त्यांनी मला शिकवले आणि शिकवणीचे काही घेतले नाही, टोमणे मात्र भरपूर दिले. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आजोबा, पेन धरल्यासारखी नका धरू, आपल्याला अर्ज नाही लिहायचा." कुरळी लोकर धुऊन, खाली वजन बांधून वाळत घातली तर सरळ होईल, असा त्यांचा सल्ला होता. तो मी मानला नाही आणि का मानला नाही हे त्यांनी विचारले नाही, त्याबद्दल त्यांचे विशेष आभार. लोकर संपली तेव्हा त्यांनी दुपटे उलटसुलट करून पाहिले. "तुमचा हात सैल, म्हणून पुरली नाही. आणि म्हणा कविता," म्हणाल्या. मी ते मान्य केले. माझा हात सगळ्याच बाबतीत सैल आहे.

कलम पाच. माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीला, जिला घरात सगळे अक्का म्हणत, काहीही देऊ नये. अगदी काहीही नाही. वकील म्हणाले, ज्यांना द्यायचे नाही त्यांचे नाव लिहायची गरज नसते. मला आहे.

दवाखान्यातून आम्ही परत आलो तेव्हा अक्का आमच्या घरी सोबतीला येऊन राहिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून लवकर आलो. अक्का मागच्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. मांडीत लोकरीचा गुंडा होता आणि दुपटे संपलेले होते. त्यांनी ते उसवले होते. मला बघून म्हणाल्या, "तिच्या नजरेसमोर नको म्हणून." मी म्हणालो, "या घराची पायरी पुन्हा चढू नका." त्यांनी गुंडा डब्यात ठेवला, झाकण लावले आणि गेल्या. पत्नी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती काहीच बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला आणि एकेचाळीस वर्षे तोच धरून बसलो.

ती बहिणीकडे अधूनमधून एकटीच जायची. परत आली की मी काही विचारत नसे. पत्नी वारली त्या दिवशी अक्का खाली फाटकाशी काठी टेकून उभ्या होत्या, असे डॉक्टरांनी मला नंतर सांगितले. वर आल्या नाहीत. पायरी चढू नका म्हटले होते, ते त्यांनी पाळले. यात त्यांचा दोष नाही. पण नोंद असावी.

पूर्ण दुपटे होते, ते उसवले, एवढी माझी तक्रार आहे. ते राहिले असते तर ते तरी पुरे राहिले असते.

वर लिहिलेले सर्व मी वाचून, समजून सही केली आहे.

स्थळ: राहते घर, खिडकीजवळचे टेबल.
तारीख: डॉक्टरांनी आपल्या सहीखाली घातली आहे तीच.

साक्षीदार पहिला: आमचे डॉक्टर. यांनी मला सही करताना पाहिले व स्वतः सही केली. सही करताना म्हणाले, "सगळ्यांना काही ना काही देताय, मलाच काही नाही?" मी म्हणालो, "तुम्हाला दिलं तर तुमची सही चालणार नाही. ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं, असं वकील म्हणालेत." "मग राहू द्या," म्हणाले, आणि नाडी बघून गेले.

साक्षीदार दुसरा:

ही जागा कोरी आहे. साक्षीदार दोन लागतात, एकावर मृत्युपत्र उभे राहत नाही आणि उभे राहिले नाही तर डबा हातगाडीवर चढेल. वकील सोमवारपर्यंत बाहेरगावी आहेत, म्हणून मला ओळखणारी बाकीची माणसे मोजली. पुतण्या, नर्सबाई, लोकरवाल्या बाई. त्यांना मी काही ना काही दिले आहे, म्हणून त्या तिघांची सही चालत नाही. शाळेत आता मला ओळखणारे कोणी नाही. डॉक्टर म्हणाले, रस्त्यावरून कोणालाही बोलवा, दोन मिनिटांचे काम आहे. म्हणून दुपारी तासभर खिडकीत उभा राहिलो. माणसे जात होती, पुष्कळ. पण हाक कोणत्या नावाने मारावी आणि वर आल्यावर त्यांना काय सांगावे, ते काही सुचले नाही.

दार वाजते आहे. नर्सबाई या वेळी कामावर असतात. पुतण्या फोन केल्याशिवाय येत नाही. लोकरीचे दुकान उघडे आहे. डॉक्टर तर दुपारीच येऊन गेले. माझी माणसे संपली.

दार उघडून आलो. पुढचे मृत्युपत्रात बसणारे नाही, पण कोऱ्या जागेखाली कागद शिल्लक आहे म्हणून लिहितो.

दारात अक्का होत्या. जिना चढून धाप लागलेली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात रुमालाची गुंडाळी. उंबऱ्याबाहेरच थांबल्या होत्या. "भावोजी, आत येऊ का?" म्हणाल्या. मी बाजूला झालो.

बसल्यावर त्यांनी सांगितले की त्याही त्याच दुकानातून लोकर घेतात. बाईंनी बोलता बोलता सांगितले की एक आजोबा जुन्या उसवलेल्या लोकरीचे दुपटे विणताहेत, सायीच्या रंगाचे, चार ओळींपुरती लोकर कमी पडली. अक्कांनी उरलेले सुटे पैसेही परत न घेता दुकान सोडले.

"तुमचा हात सैल नाही," त्या म्हणाल्या. "मी सगळं उसवलंच नव्हतं. उसवत उसवत सुरुवातीला आले, तिच्या पहिल्या चार ओळींपाशी, आणि हात चालेना. तेवढ्या तोडून, गाठ मारून ठेवल्या. तिला ठाऊक होतं. माझ्याकडे आली की काढून बघायची."

रुमालात चार ओळींची पट्टी होती. मी ती माझ्या दुपट्याच्या कडेला लावून पाहिली. अक्कांनी चष्मा लावला. "बोटभर रुंद झालंय तुमचं. ताणून बसेल," म्हणाल्या. मग टेबलावरचे हे कागद त्यांनी न विचारता उचलले आणि पहिल्यापासून वाचले. कलम पाच त्यांनी दोनदा वाचले. मी म्हणालो की ते कलम खोडतो, आणि तुम्हाला काय हवे ते सांगा, लिहून देतो.

"खोडू नका," त्या म्हणाल्या. "मला काही दिलंत तर माझी सही चालणार नाही ना?"

आणि हात पुढे केला. पेन मागताहेत. घरात पेन एकच आहे, म्हणून इथे थांबतो.