काच पक्की आहे

४ जून
प्लांट हेडची जागा रिकामी झाली. दुसरं कोण आहे? भट्टी माझी. काच मऊ पडेपर्यंत तापवायची, लगेच दोन्ही बाजूंनी गार वाऱ्याचा झोत मारायचा. वरचा थर आवळतो, काच चौपट पक्की होते. यात सगळा खेळ नजरेचा.

भाचीला टेस्टिंगला चिकटवून घेतलंय. ताईची मुलगी. हुशार आहे, पण भित्री. मी सांभाळून घेतो.

११ जून
बिस्कीट कारखान्याची ऑर्डर. ओव्हनच्या दारांच्या काचा. भाचीचं म्हणणं, पक्क्या काचा पुन्हा तापवून तपासायच्या. काचेत बारीक कण राहिला असेल तर इथेच फुटेल, गिऱ्हाइकाकडे नाही. म्हणजे आपलाच माल आपणच फोडायचा! मागे तिनं असाच ढीग फोडला. साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. तपासणी रद्द केली. म्हणाली, "मामा, माल थांबवू या." कारखान्यात सर म्हणायचं, एवढं बजावलं.

१४ जून
माल वेळेआधी रवाना. साहेबांनी पाठ थोपटली. नव्या केबिनचे पडदे निळे घ्यावेत. उद्यापासून चहा बिनसाखरेचा, रोज व्यायाम.

१५ जून
बिनसाखरेच्या चहाने डोकं दुखतं. व्यायाम सोमवारपासून.

२ जुलै
बिस्कीट कारखान्यात ओव्हनच्या दाराची काच आपोआप फुटली. समोरच्या बाईच्या तोंडावर उडाली. डोळा गेला म्हणतात. लोक वाढवून सांगतात.

३ जुलै
डोळा गेलाच.
साहेबांनी विचारलं, तपासणी का झाली नाही? मी खोटं बोललो नाही. टेस्टिंग भाची बघते, एवढंच सांगितलं. ती शेजारीच उभी होती. गप्प राहिली. म्हणजे तिलाही पटलं असणार.

५ जुलै
भाचीला काढलं. तरुण आहे, मिळेल दुसरीकडे.
ताईची समजूत घालायला गेलो. तिनं पाणी दिलं. मी म्हणालो, पोरीला जबाबदारी झेपली नाही. ताईनं रिकामा पेला उचलला. मग म्हणाली, "तिला मीच सांगून पाठवलं होतं, मामाचं वय झालंय, त्याला सांभाळून घे. तिनं घेतलं."
ताईला हल्ली ब्लडप्रेशरचा त्रास आहे.

९ जुलै
प्लांट हेड बाहेरून आणला. पहिलाच हुकूम, प्रत्येक काच दुसऱ्यांदा तापवायची. मला गोदाम दिलं. गोदाम फार महत्त्वाचं खातं आहे. शांतताही असते.

१३ जुलै, दुपार
फळं घेऊन हॉस्पिटलात गेलो. हे कोणी सांगितलेलं नव्हतं, माझं मीच ठरवलं. भाची तिथे होती. रोज येते म्हणे. बाईला चमच्याने पेज भरवत होती. बाईच्या अर्ध्या तोंडाला पट्टी. उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "तुम्हीपण त्या काचवाल्यांकडचे का?"
मी नाही म्हणालो.
भाचीनं मान वर केली नाही. पुढचा चमचा भरला.
फळं मात्र मी चांगली निवडली होती.