संत्र्याची सालं आणि यमुताईचं निळं पाणी

१७ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणारी माणसं लिहून ठेवतात.
यमुताई, माझी मोठी बहीण, इतवारीत ओढण्या रंगवून देते. भाऊजी गेल्यापासून एकटीच. नालीत निळं पाणी जातं म्हणून शेजाऱ्यांची तक्रार. चार एप्रिलला महापालिकेचे साहेब तपासणीला येणार. पाणी रंगीत दिसलं तर दुकानाला सील.
मी कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. संकट योग्य घरी आलं आहे.

१८ मार्च
उपाय सापडला. संत्र्याची सालं! वाळवायची, दळायची, पाण्यात टाकायची. रंग सालीला चिकटतो, पाणी साफ. बायोसॉर्बंट म्हणतात. नागपुरात राहून हे कुणाला सुचलं नाही, याचं वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं.

१९ मार्च
ताईनं रंगाचं पाणी शुद्धीकरणाला न्यायला टँकर ठरवला होता. मी रद्द करायला लावला. ताई म्हणाली, तू म्हनतं त बराबरच असन गा, मले त्यातलं काय समजते. इतका विश्वास माझ्यावर हिमानीनंही कधी टाकला नाही, आणि ती माझी बायको आहे. ऊर भरून आला.

२२ मार्च
ज्यूसवाल्याकडून पोतंभर सालं आणली. गच्चीवर पसरली. हिमानीनं विचारलं, मंग पापड कुठी घालू मी, तुमच्या डोक्यावर? विज्ञान म्हटलं की घरून विरोध असतोच.

२५ मार्च
खालच्या थराला बुरशी. वरचा थर उत्तम. उद्यापासून रोज उलटवणार.

२६ मार्च
ऊन फार होतं.

२९ मार्च
बरणीत प्रयोग. मूठभर साल मिक्सरमध्ये दळून निळ्या पाण्यात टाकली. संध्याकाळपर्यंत पाणी जवळजवळ साफ. हिमानी म्हणते, निळंच दिसून राहिलं. बरणीमागं निळा पडदा होता.
मिक्सर जळाला. जुनाच होता.

१ एप्रिल
पिठाच्या चक्कीवाला साल दळायला तयार नाही. पीठ कडू होते म्हणे. हळद-मिरची कांडपावर गेलो. तो म्हणाला, आत्ताच हळद निघाली, पहिले थोडे तांदूळ फिरवून मशीन साफ करून घेऊ काय जी? मी म्हटलं, आपल्याला खायचं थोडीच आहे. वेळ वाचवला. पावडर सुरेख पिवळी. संत्र्याचा अस्सल रंग.

३ एप्रिल
ताईच्या सांडपाण्याच्या हौदात सगळी पावडर ओतली. ताईनं विचारलं, पहिले बादलीभर पाण्यात पाहाचं काय? मी हसलो.

४ एप्रिल
सकाळी हौद लाल.
कारण लगेच कळलं. हळद, आणि कपड्याला रंग धरावा म्हणून ताई घालते तो सोडा. हळदीच्या डागावर साबण लागला की लाल होतो, तेच. मी हे दरवर्षी शिकवतो.
निळा मात्र दिसत नव्हता. हे नोंदवणं आवश्यक आहे.
साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं? मी तोंड उघडलं. ताई आधीच म्हणाली, मीच केलं जी. साहेब म्हणाले, बाहेरच्या कुणी चुकून टाकलं असेल तर त्यानं ऑफिसला येऊन सांगावं, पुन्हा तपासणी करू. नाहीतर दुकान बंद. ताई म्हणाली, मीच.
सील लागलं. घरी येताना ती म्हणाली, तुह्या क्लासमध्ये समजलं असतं त पोरं हसले असते गा. मला रडू आलं. रस्त्यावर धूळ फार होती.

११ एप्रिल
ताई शहराबाहेर वाडीच्या एका गोदामात पॅकिंगला लागली आहे. घरी भेटायला गेलो. संध्याकाळीच झोपली होती, चप्पलसुद्धा न काढता. तिला अशी कधी पाहिली नव्हती. चप्पल काढून ठेवली, निघालो.
ठरलं. साहेबांना भेटून सांगणार, पावडर माझी होती. उद्याच.

१२ एप्रिल
शनिवार. ऑफिस बंद.

१३ एप्रिल
रविवार. काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. चांगलं झालं. हिमानी दारातून ऐकत होती.

१४ एप्रिल
जयंतीची सुट्टी.

१५ एप्रिल
ऑफिस उघडं होतं. ऊन फार होतं.