शेवेचे चार किलो

परदेशीपुरा, इंदूर
रविवार, ६ जुलै १९९७

प्रिय ज्ञानदीप,

सप्रेम जय भीम. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील, म्हणून आधीच सांगते, बाबा ठीक आहेत. आत्ता सकाळचे साडेनऊ झालेत आणि ते नेहमीसारखे मिलच्या गेटवर गेलेत. मिलला ताला लागून साडेपाच वर्षं झाली, तरी दर रविवारी तिथे शंभर-दीडशे म्हातारे जमतात, कोर्टात काय झालं ते ऐकतात, कट चहा पितात आणि घरी येतात. येताना बाबा वाटेत तीनदा थांबून श्वास घेतात, म्हणजे माझ्याकडे दोन तास आहेत. फोन करता आला असता. पण फोनवर तू ‘हो ताई, बघू ताई’ म्हणतोस आणि तेवढ्यात तीन मिनिटं संपतात. कागदावर तुला मधे बोलता येत नाही.

बातमी अशी की माझी हैदराबादच्या ट्रेनिंगसाठी निवड झाली आहे. एकवीस तारखेपासून सहा आठवडे. नव्या जेट विमानांचं लोडशीट आता सगळीकडे कॉम्प्युटरवर होणार, त्याचं हे ट्रेनिंग. अट एकच, वय चाळीसच्या आत. मला नऊ ऑगस्टला चाळीस पूर्ण होतात, तेव्हा यापुढे असं पत्र मला येणार नाही. जे हे शिकणार नाहीत त्यांच्या हातून लोडशीट जाईल आणि ते कार्गोच्या शेडमध्ये पावत्या फाडत बसतील. एकोणनव्वद साली असंच पत्र आलं होतं, तेव्हा आई अंथरुणावर होती आणि मी नाही म्हटलं. या वेळी मी जाणार आहे. हे पहिल्याच पानावर लिहिते, म्हणजे पुढे वाचताना तुला ‘ताई विचारतेय’ असं वाटायला नको.

माझं काम काय आहे हे तुला सतरा वर्षांत नीट कळलेलं नाही. तुझ्या लग्नाच्या वेळी तू निवेदिताच्या घरच्यांना सांगितलंस की ताई विमानतळावर तिकिटं तपासते. मी हसून घेतलं, पण लागलं होतं मला. अरे, विमान उडण्याआधी त्यात किती माणसं, किती सामान, किती इंधन, आणि कुठलं वजन पुढे नि कुठलं मागे, याचा हिशेब एका कागदावर मांडावा लागतो. तो कागद म्हणजे लोडशीट. त्यावर खाली माझी सही असते, मग कॅप्टनची. माझी सही होईपर्यंत जिना हलत नाही. मिलमधल्या जॉबरची पोरगी, बी.एस्सी. गणित, मागून ‘कोट्यातली’ म्हणून कुजबूज ऐकलेली, आणि तिच्या सहीशिवाय बिजासनच्या टेकडीवरून सरकारी विमान हलत नाही! आई हे अख्ख्या गल्लीला सांगायची. तू तेव्हा होस्टेलला होतास.

या कामात पुस्तकातलं थोडं आणि अंगातलं जास्त लागतं. सराफ्यातले व्यापारी मुंबईला निघाले की हातात टिफिनएवढी पिशवी असते, आणि ती उचलायला गेलं की खांदा उतरतो. चांदी कधी फुगून दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक पिशवी आधी स्वतः उचलून बघते. बाकीच्यांचं वेगळंच. इंदूरचा माणूस शेव घेतल्याशिवाय गाव सोडत नाही. विचारलं तर म्हणणार, ‘कुछ नहीं मैडम, बस थोड़ा सेव है.’ थोडं म्हणजे एक डबा भाचीला, एक साहेबाला, एक शेजाऱ्याला. जुन्या पंख्याच्या विमानासाठी माणशी वजनाचा जो तक्ता होता, त्यात हातातलं सामान धरलेलंच नव्हतं. मग मी माझ्या मनाने माणशी चार किलो वाढवायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलंही नव्हतं. शेवेचे चार किलो. सोळा वर्षांत एकदाही त्या विमानाचं नाक जड झालं नाही, आणि मला त्याचा फार अभिमान होता. पुढचं वाच, मग कळेल मी ‘होता’ का लिहिलं.

आता आमच्याकडचे बदल. चार वर्षांपूर्वी खासगी कंपन्या आल्या. त्यांच्या मुली कडक इस्त्रीच्या गणवेशात, गरम नाश्ता, वेळेवर उड्डाण. आमचे प्रवासी आम्हाला तोंडावर टोमणे मारायला लागले. सुरुवातीला आमच्यातले पुष्कळजण म्हणाले, सरकारची कंपनी आहे, शेपटीवर देशाचं नाव आहे, आपलं कोण काय वाकडं करणार. मी मात्र मिलवाल्यांच्या गल्लीत राहते. ‘आपलं काय वाकडं होणार’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय आणि त्याचं पुढे काय झालं तेही बघितलंय. मग कंपनीही हलली. पंख्याची विमानं गेली, गेल्या डिसेंबरात आपल्याकडे जेट आलं, काउंटर नवे झाले, काळे टेलिफोन जाऊन कॉम्प्युटर आले. आणि नोटीस बोर्डावर हिंदीत मोठा कागद लागला, ‘आधुनिकीकरण’.

तो शब्द मी घरी येऊन बाबांना सांगितला आणि त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. हाच शब्द त्यांनी पंच्याऐंशी साली मिलच्या बोर्डावर वाचला होता. तू दहावी-बारावीच्या पुढे गेलेला होतास, पण तुला हे कधी सांगितलं गेलं नाही, म्हणून लिहिते. नवे लूम एका खात्यात आले तेव्हा ट्रेनिंगसाठी सगळ्यात आधी बाबांना निवडलं होतं. किती ताठ मानेने गेले होते! येऊन त्यांनी बाकीच्यांना शिकवलं. आणि सगळे शिकले, तेव्हा मॅनेजरने त्यांनाच बोलावून विचारलं की आता यातले किती जण नसले तरी चालेल, नावं दे. बाबांनी पाच नावं दिली. त्यात मालोजीकाकांचं होतं. बाबांचा शाळेपासूनचा दोस्त. काका मानपुरला गेले, हायवेवर पंक्चरचं दुकान टाकलं, आणि पुन्हा आपल्या घराची पायरी चढले नाहीत. सहा वर्षांनी ताला लागला तो सगळ्यांनाच लागला, पण बाबांना वाटतं पहिली किल्ली त्यांनी फिरवली. मला म्हणाले, ‘बेटा, पहले ट्रेनिंग, फिर छंटनी, फिर ताला. मी तीनही बघितलंय. तुला बुलावतील, सिखवतील, मग तुझ्याच कडून नावं मागतील.’

याचं उत्तर मला मिळालं मार्चमध्ये, तेही तोंडावर आपटून. मुंबईच्या कॉम्प्युटरमधून एक लांबलचक कागद आला. इंदूर स्टेशन रोज पाचशे किलो जागा रिकामी का सोडतं, असा प्रश्न होता. आपली धावपट्टी अजून आखूड, त्यामुळे जेटला वजनाची मर्यादा कडक. मर्यादा भरली की मी पार्सलं आणि टपाल उतरवून ठेवत होते. दोन रात्री तक्ते घेऊन बसले, तेव्हा चूक सापडली. जेटच्या नव्या तक्त्यात हातातलं सामान आधीच धरलेलं आहे. आणि मी सवयीने वर आणखी शेवेचे चार किलो चढवत होते. एकशेवीस प्रवासी, म्हणजे जवळजवळ अर्धा टन. तीन महिने रोज, हवेचं वजन! त्या उतरवलेल्या पार्सलांत कुणाची औषधं होती, कुणाच्या लग्नाचे शालू होते. कुणाला धोका झाला नाही, पण ज्याचा मी टेंभा मिरवत होते, तेच माझं चुकलं. लाज वाटली, ज्ञानदीप. पण लाजेच्या खाली आणखी एक गोष्ट वाटली, की हे मला शिकायचंच आहे. पिशवी कॉम्प्युटर उचलणार नाही, ती मीच उचलणार. पण उचलल्यावर मी काय लिहिते ते मला तपासून हवंय.

आमचे स्टेशन मॅनेजर प्रतापराव. मी स्वतःहून जाऊन त्यांना चूक सांगितली. वाटलं, झाडतील. त्यांनी कागद बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘धम्मदीनाजी, चूक पकडणारा माणूस मला हैदराबादला पाठवायचाय. या वेळी तरी ना मत कहिए.’ या वेळी तरी! मला काही उमगेना, एकोणनव्वद साली तर ते इथे नव्हतेच. पंच्याण्णव साली मी टायफॉइडने महिनाभर रजेवर होते, तेव्हा अशाच ट्रेनिंगची नावं गेली होती आणि त्यात माझं नव्हतं. प्रतापरावांनी मला डावललं अशी माझी पक्की समजूत. आपली माणसं डावलली जातात तेव्हा कारण विचारायचं नसतं, एवढं मला पाठ. मी त्यांच्याशी दोन वर्षं कामापुरतं बोलले, त्यांच्या मुलाच्या लग्नालाही गेले नाही. आणि ते म्हणत होते की त्यांनी पत्र घरी पोस्टाने पाठवलं होतं आणि माझ्याकडून उत्तर आलं नाही.

गेल्या बुधवारी नवं पत्र हातात आलं. घरी येऊन मी बाबांना ते वाचून दाखवलं, आणि शेवेची गोष्टही सगळी सांगितली, माझ्या चुकीसकट. ते आधी खूप हसले, खोकला येईपर्यंत. मग म्हणाले, ‘आमाला कधी कोनी चूक नाही दाखवली बेटा. सीधे गिनती दाखवली.’ मी त्यांना सांगितलं, बाबा, उद्या माझ्याकडे कुणी नावं मागितली तर मी पहिलं माझं लिहीन, पण न शिकता घरी बसले तर माझं नाव दुसराच कोणीतरी लिहील. ते उठले, आईची ट्रंक उघडली, आणि तळाच्या लुगड्याखालून पंच्याण्णव सालचं पत्र काढून माझ्या हातात दिलं. इंग्रजी कागदावर त्यांना एवढंच वाचता आलं होतं, ट्रेनिंग. तेवढं पुरे झालं. मी त्यांच्यावर रागावले नाही. ज्या माणसाने मालोजीकाकांचं नाव दिलं, तो माणूस आपल्या पोरीचं पत्र लपवणारच. काल प्रतापरावांच्या घरी गेले, त्यांच्या सुनेसाठी साडी घेऊन, आणि स्पष्ट माफी मागितली. ते बरं झालं.

आता शेवटचं. त्या पत्राबरोबर ट्रंकेत एक इनलँडही होतं. ते बाबांनी काढलं नाही, त्यांची पाठ वळली तेव्हा मी काढलं, कारण त्यावरचं अक्षर मी ओळखलं. अ पासून ज्ञ पर्यंत मीच गिरवून घेतलेलं अक्षर. इंग्रजी कागदात काय आहे हे बाबांनी तुलाच विचारलं होतं, आणि तू लिहिलंस, ‘ताईला एवढ्यात सांगू नका. कळलं तर ती हट्टाने जाईल, मग तुमच्याकडे कोण बघणार? मला इथे रजा मिळत नाही.’ चार दिवस मी ते वाचते आहे. तू माझं वाईट चिंतलं नाहीस हे मला कळतं, तुझी सोय बघितलीस. पण दोन वर्षं मी एका भल्या माणसाला मनात शिव्या दिल्या, आणि तू फोनवर ‘हो ताई’ म्हणत राहिलास. ते मला फार दुखलं, आणि ते तुला माहीत असायलाच हवं. बाबांना मी यातलं काही बोलले नाही, तूही बोलू नकोस. त्यांना सकाळ-संध्याकाळ वाफ लागते, पंप उशाशी असतो, भात मऊ लागतो आणि रविवारी गेटवर जाऊ द्यावं लागतं, वाद न घालता. या पाकिटात शनिवार, एकोणीस तारखेचं मुंबई–इंदूरचं तिकीट ठेवलं आहे, तुझ्या नावाचं. एकेरी आहे. परतीचं मी हैदराबादहून आल्यावर काढीन.

तुझीच,
ताई