बाबांच्या खाटेचं दुसरं टोक

ति. लीलाधर मामांस खुशालचा दंडवत.

बिसनलालजींनी आमच्या बाबांच्या खाटेचं दुसरं टोक उचललं, त्या घडीला माझं सगळं बदललं. कसं, ते सांगायलाच हे पत्र. (मी कॉलेज सोडल्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही.) तुमची शुगर, मामीचे गुडघे ताब्यात असतील. धान कापून झालं असेल.

तुम्हाला माहीतच आहे, चेतनाच्या वडिलांनी, म्हणजे याच बिसनलालजींनी, बिमार माणसाच्या घरात पोरगी देणार नाही असं आधीच बोलून ठेवलं होतं. म्हणून मी त्यांना सांगितलं, बाबा ठणठणीत आहेत, रोज शेतावर फेरी मारतात. (लकव्यानं दोन वर्षं खाटेवर आहेत हे चेतनाला ठाऊक होतं. ती म्हणे, खरं सांगून टाक. मला तिचं सगळं आवडते, सल्ला तेवढा ऐकवत नाही.) काल ते घर पाहायला येणार, म्हणून सकाळीच आईला एक टोक धरायला लावून मी खाट बाबांसकट मागच्या कोठ्यात नेली, बैलाशेजारी. आई काही बोलली नाही. अजूनही बोलून नाही राहिली.

पाहुण्यांच्या हातात चहाचा कप दिला, तर दारात तलाठी साहेब. निराधार योजनेची पडताळणी. लाभार्थी डोळ्यांनी पाहायचा, नाही दिसला तर पैसे बंद, आणि त्याच पैशांत बाबांच्या गोळ्या येतात. साहेबांनी बाबांचं नाव वाचून विचारलं, दुलीचंद कुठं आहेत? मी चहाची किटली उचलायला वाकलो. तर बिसनलालजीच, बिचारे मदतीला म्हणून, बोलले, "समधी शेतावर गेले. रोज जातात म्हणे, पायी."

"पायी जातात, मंग निराधारचे पैसे कायले पाहिजे?" म्हणत साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

मामा, खोटं बोललो मी, आणि राग आला मला त्या दोघांचा. (माझं डोकं तुम्हाला माहीत आहे.) पण ओरडलो नाही. बिसनलालजींना म्हटलं, उठा, बाबांची खाट मला एकट्याला उचलवणार नाही. कोठ्यात बैल बाबांची चादर चघळत होता. बिसनलालजींनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि वाकून पायथा धरला. आम्ही खाट अंगणात आणली. मग बाबाच वाकड्या तोंडानं म्हणाले, "राम राम समधी. जरा हळू."

साहेबांनी फोटो काढला, पैसे चालू राहतील म्हणाले, गेले. बिसनलालजींचा चहा तसाच राहिला. चपला घालताना एवढंच विचारलं, "बापाले बैलापाशी ठेवलं तू?"

तुमचा भाचा,
खुशाल

ता. क. : खरं काम हे. सोयरीक तुम्ही आणली, तेव्हा तुम्हीच जाऊन त्यांचं हो की नाही विचारून या. मी गेलो तर भांडण होईल.

ता. क. दुसरा : जाऊ नका. चेतनाचा आत्ताच फोन आला. तिचे वडील कालपासून घरात एकच म्हणून राहिले, त्या खाटेची दोरी ढिली आहे, माणसाची पाठ मोडते. लग्नाचं एक अक्षर नाही. हे मी आईला सांगितलं, तर ती कालपासून पहिल्यांदा बोलली, "जा." बाबा समोरच्या खोलीत आहेत. पत्र खिशात घालतो, दार ओढून घेतो, बिसनलालजींकडे मीच निघतो.