न मोजलेले अठरा

प्रिय दादा,

अण्णांचा जंतुसंसर्ग रक्तात पसरतोय हे मी वेळेत ओळखलं, असं तू सगळ्यांना सांगत सुटला आहेस. नको सांगूस.

सकाळी मी त्यांचे श्वास मोजलेच नाहीत. आम्हा नर्सेसच्या सवयीने 'मिनिटाला अठरा' भरून टाकलं आणि धोका आधी सांगणारा कॉम्प्युटर हिरवाच राहिला. दुपारी अण्णा धापा टाकत म्हणाले, "घरात एकच शिकलेली, आणि ती कॉम्प्युटरचीच नाडी बघते!" तेव्हा छातीवर हात ठेवून मोजले. अठ्ठावीस. तो आकडा भरताच स्क्रीन लाल झाली, डॉक्टर धावत आले.

सहा तास माझ्यामुळे वाया गेले. डॉक्टरांना खरं सांगितलं. तुला सांगायचा धीर होत नाही, म्हणून हे पत्र खिशातच राहील.

आत्ता चोवीस आहेत. पूर्ण मिनिट मोजूनच लिहिते आहे.

तुझी,
छोटी