टेबलाची जागा

प्रिय सूनबाई,

आधी भांडण, मग खुशाली. चष्मा सापडत नाही म्हणून हे पत्र जुन्या चष्म्यातून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर दोष तुमच्या घराच्या व्यवस्थेला दे. चष्मा हरवलेला नाही, 'लावून ठेवलेला' आहे. तुमच्या या दोन खोल्यांत काही हरवतच नाही, सगळं कुठे ना कुठे लावलेलं असतं, आणि ते हरवण्यापेक्षा वाईट! पलंगाखाली डबे, डब्यांत पिशव्या, पिशव्यांत आणखी पिशव्या. दारावरच्या फळीवर रजया. मला बसायला दिलेल्या स्टुलाच्या पोटात बूटपॉलिश. बसण्याआधी घरभर विचारावं लागतं, बाबांनो, माझ्याखालून कुणाला काही काढायचं नाही ना?

तुम्ही दोघं तुझ्या माहेरी गेलात आणि घर माझ्या ताब्यात आलं, तेव्हापासून मी एकाच गोष्टीवर चरफडते आहे. तुमचा तो नियम. घरात एक वस्तू आली की एक बाहेर गेली पाहिजे. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी टाळी वाजवली होती. एवढीशी जागा, तिथे शिस्त हवीच. पण आयुष्यभर कामगारांच्या सभांतून मी एकच गोष्ट घसा फोडून सांगत आले: नियम कागदावर कसा दिसतो ते बघू नका, तो कुणाच्या मानेवर पडतो ते बघा. मी इथे राहायला आले, तीही एकटी नाही, माझं पुस्तकांचं कपाट घेऊन. चंचुप्रवेश म्हणायचीही सोय नाही, मुसळप्रवेशच तो. कपाट भिंतीला लागलं आणि त्याच आठवड्यात खिडकीखालचं तुझं टेबल दिसेनासं झालं. विचारलं तर म्हणालीस, "असू द्या हो आई, तसंही डुगडुगत होतं." मंत्र्याच्या आश्वासनावर कधी विश्वास न ठेवणारी मी, तुझ्या या वाक्यावर ठेवला.

तेव्हापासून तू ओट्यावर काम करतेस. मी आतल्या खोलीतून बघत असते. जाड कागदावर बुटाचा वरचा भाग आखायचा, कापायचा, दुमडून बघायचा. टाचेकडे केसभर कमी पडलं तर बूट पायाला चावतो, हे तूच मला शिकवलंस. आणि हे असलं काम तू शेगडी आणि नळ यांच्या मधल्या हातभर जागेत करतेस! भांडं उतरवायचं म्हणून कागद उचल, कागद पसरायचा म्हणून भांडं उचल. तुम्ही निघण्याआधी एका नमुन्यावर आमटीचा थेंब पडला तेव्हा तू नुसता तो कागद चुरगळलास. त्याच संध्याकाळी बूट बनवणाऱ्या त्या कारखान्याचा फोन आला. अख्ख्या मोसमाचे नमुने तू एकटीने करावेस, अशी त्यांची इच्छा. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिलीस तेच काम दाराशी आलं आणि तू म्हणालीस, "सध्या नाही जमणार, घरात जागा नाही." मी तेव्हा पुस्तक वाचत होते. म्हणजे पुस्तक हातात होतं.

काल चिरंजीवांचे शर्ट इस्त्रीला द्यायला खाली उतरले. लाँड्रीवाला ज्यावर इस्त्री फिरवत होता ते तुझं टेबल. चादर घातली होती, पण कडेला तुझ्या सुरीच्या रेघा उघड्या होत्या, आणि त्या रेघांवरून कुणाच्या तरी पँटची घडी पडत होती. मी टेबल हलवून पाहिलं. कुठलं डुगडुगतंय! लाँड्रीवाला म्हणाला, "मावशी, जपून. तुमच्या सूनबाईंनी फुकट दिलंय, पण जाताना दोनदा मागे वळून बघितलं त्यांनी."

वर आले आणि घराकडे नीट पाहिलं. दाराशी आपल्या साहेबांची ती व्यायामाची सायकल उभी. त्यांचं पोट आहे तिथेच आहे, सायकलवर आजवर बसला तो फक्त ओला टॉवेल. ती आली तेव्हा कोणती वस्तू बाहेर गेली? तारा तुटलेलं गिटार कुठल्या नियमाने राहिलं? माझ्या पोटचा आहे म्हणून मी गप्प बसावं? तो वाईट नाही, हे मला कळतं. त्याने तुला टेबल काढ असं म्हटलंही नसेल. त्याला काही म्हणावंच लागत नाही, इथेच तर सगळं दुखणं आहे! जागा कमी पडली की पहिली वस्तू घरातल्या बाईची निघते, आणि तीही ती स्वतःच्या हातांनी, हसत, झाडून पुसून काढते.

तर सायकल आता लाँड्रीत आहे. "मावशी, हिच्यावर इस्त्री कशी करू?" म्हणाला. मी म्हटलं, टॉवेल वाळत घाल, तिला सवय आहे. आणि तुझं टेबल परत घेऊन इस्त्रीसाठी त्याला माझ्याकडची जुन्या पलंगाची फळी दिली. कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावून कपाट कमरेच्या उंचीवर आडवं कापायला सांगितलं. "बाई, एवढं चांगलं लाकूड, करवत चालवायला हात धजत नाही." माझा धजतो, आण इकडे, म्हटल्यावर धजला. आता दोन बुटकी कपाटं खिडकीखाली अंतर सोडून उभी आहेत आणि त्यांच्यावर पाय काढलेल्या तुझ्या टेबलाची फळी. एकही पुस्तक गेलं नाही, फक्त ती आता तुझं टेबल उचलून धरतात. नुसती वाचली जात होती तेव्हापेक्षा जास्त कामाला लागली.

तू आल्यावर "कशाला हो आई" म्हणशील, आणि तुझ्या त्या गोड आवाजापुढे माझी भाषणं टिकत नाहीत. म्हणून हे लिहून टेबलावर ठेवते, पट्टीखाली. आज कारखान्याचा माणूस, त्यांनी तुला बघायला पाठवलेले कातड्याचे नमुने परत न्यायला आला होता. मी दिले नाहीत. तुझ्या वतीने होकारही दिला नाही, तो अधिकार माझा नाही. सोमवारी ये आणि जिचं काम तिलाच विचार, एवढंच सांगितलं. काम नको असेल तर खुशाल नाही म्हण, मी चकार शब्द काढणार नाही. फक्त घरात जागा नाही, असं म्हणू नकोस.

चष्म्यासाठी अजून उलथापालथ करणारी,
तुझीच
आई